सहा खुर्च्या आणि एक पोतं कापूस

माझे सासरे सोफ्यावर बसत नाहीत. म्हणजे एकदाच बसले होते. नवा सोफा आला त्या दिवशी आम्ही मोठ्या कौतुकानं त्यांना मधोमध बसवलं. ते आत आत जात राहिले, गुडघे छातीशी आले, आणि चहाचा कप न सांडता वर धरून ते मला म्हणाले, "सूनबाई, मले काढ इथून." एक हात नवऱ्यानं धरला, एक मी धरला, आणि त्यांना वर काढलं. त्या दिवसापासून ते आमच्या अमरावतीच्या घराच्या पायरीवर बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, या बाईनं सासऱ्याला घराबाहेर काढलंय.

लोकांना काय वाटायचं ते वाटो, माझं दुखणं वेगळं होतं. पायरीवर बसलेला माणूस अर्धा निघालेलाच असतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावी एकटेच राहायचे. सासूबाई गेल्यावर त्यांनी वावर चुलतभावाला ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, कसायला दिलं, बैलजोडी विकली, आणि मग दिवसभर बांधावर उभं राहून चुलतभाऊ सगळं कसं चुकीचं करतो ते पाहत बसायचे. गेल्या दिवाळीनंतर ते रिकाम्या गोठ्यात घसरून पडले आणि संध्याकाळी शेजारीण दूध घेऊन आली तोवर तिथेच पडून होते. हाड मोडलं नाही, पण माझ्या नवऱ्याची झोप मोडली. तो त्यांना अमरावतीला घेऊन आला. "बाबा, आता इथेच राहा," हे तो त्यांना रोज नव्या युक्तीनं सांगायचा. कधी डॉक्टरांचं नाव पुढे करायचा, कधी थंडीचं, कधी माझं. मामाजींचं उत्तर ठरलेलं होतं. "उद्या जातो तुमच्या घरून."

मलाही ते राहायला हवे होते, आणि ते काही सुनेचं कर्तव्य वगैरे म्हणून नाही. मला त्यांची सवय लागली होती. माझा नवरा पुढ्यात येईल ते मुकाट्यानं जेवतो, त्याच्याशी भांडायला काही हातीच लागत नाही. मामाजी वाटीत बोट बुडवून "हे कायची भाजी होय?" असं विचारतात. मी अकोल्याची, वकिलांच्या घरातली. आमच्याकडे जेवताना दोन्ही बाजू मांडल्याशिवाय कोणी हात धुवायला उठत नसे. लग्नानंतर पहिल्यांदाच मला घरात तोलामोलाचं माणूस भेटलं होतं, आणि ते पायरीवर बसून एसटीची वेळ विचारत होतं.

तेव्हा मी ठरवलं, या माणसाला आधी धड बसायला खुर्ची हवी. ताठ पाठीची, हात असलेली, बुडवून न टाकणारी. दुकानातल्या नव्या खुर्च्या मामाजींनी हलवून पाहिल्या आणि "भुसा दाबून केल्या हायेत" म्हणून परत ठेवल्या. त्याच सुमारास मला मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. त्यात एक बाई मोडक्या खुर्चीचं दहा मिनिटांत सिंहासन करते. तिच्या बोटाला रंग लागत नाही, केस विस्कटत नाहीत, आणि मागे बासरी वाजत असते. तो व्हिडिओ मी नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "तू करणार?" त्या 'तू'वर त्यानं जो जोर दिला, त्यानंतर माघार घेणं शक्यच नव्हतं.

अकोल्याला मी दादाला फोन केला. दादाही वकील, आणि जुन्या बाजारात त्याच्या ओळखी फार. तिथे एका दुकानात त्याला सहा सागवानी खुर्च्या मिळाल्या. कोण्या वकिलाचं ऑफिस बंद झालं, तिथल्या पक्षकारांच्या खुर्च्या होत्या त्या. "अशा मजबूत खुर्च्या तुमच्या अमरावतीत मिळत नाहीत," दादा फोनवर म्हणाला. अकोल्याचं ऊनसुद्धा अमरावतीपेक्षा दर्जेदार असतं, असं आमच्या माहेरी सगळ्यांचंच मत आहे. खुर्च्या तूरडाळीच्या टेम्पोतून आल्या. वरून खालपर्यंत डाळीचा भुरका, एकीचा हात निखळलेला, एकीचा पाय आखूड, सगळ्यांच्या बैठका फाटून आतला काथ्या बाहेर आलेला. नवऱ्यानं त्या अंगणात मांडल्या आणि काहीच बोलला नाही. तो काहीच बोलत नाही तेव्हा मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

मामाजी मात्र पायरीवरून उठले. त्यांनी एकेका खुर्चीभोवती फेरी मारली, पाय दाबून पाहिले, पाठीवर थाप मारली, आखूड पायाच्या खुर्चीला मागून ढकलून पाहिलं. आठवडी बाजारात बैल पाहावा तशी त्यांची तपासणी चालली होती. शेवटी म्हणाले, "खोड नाई काही. तीन जोड्या होतात." आणि त्यांनी उंचीला उंची, रंगाला रंग पाहून सहा खुर्च्यांच्या तीन जोड्या लावल्यासुद्धा. आखूड पायाची खुर्ची त्यांनी निखळलेल्या हाताच्या खुर्चीशेजारी ठेवली. दोघींची चाल सारखी आहे म्हणाले.

जुना रंग काढायला मी काचपेपर आणला होता. व्हिडिओतली बाई काचपेपर नुसता फिरवते आणि लाकूड उजळतं. मी अर्धा दिवस घासलं तेव्हा माझ्या बोटांचे ठसे गेले आणि खुर्चीचा रंग तसाच राहिला. मामाजी बाटलीच्या काचेचा तुकडा घेऊन आले. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगं अशीच साळतात, म्हणाले. मांडीत खुर्चीचा पाय घेऊन त्यांनी काचेनं सपासप ओढायला सुरुवात केली, आणि रंगाच्या सळसळीत पापड्या पडू लागल्या. खुर्चीनं मान हलवू नये म्हणून की काय, मधून मधून ते "हो, हो" असंही म्हणत होते.

रंग मी निवडला होता. शेडकार्डवर तो समुद्रासारखा हिरवा दिसत होता. आमच्याकडे समुद्र नाही, त्यामुळे पडताळून पाहायची सोय नव्हती. डबा उघडल्यावर मामाजींनी आत डोकावून ओळख पटवली. "हा तर आपल्या डाव्या बैलाच्या शिंगाचा रंग होय." मी त्यांच्या हातात ब्रश दिला आणि शाळेत निघून गेले. मी मुलांना भूगोल शिकवते. संध्याकाळी परत येऊन पाहते तर चार खुर्च्या रंगवून झालेल्या, आणि त्यांच्या पाठीच्या वर निघालेल्या टोकांना लाल कडी काढलेली, त्यावर सोनेरी बेगड चिकटवलेली, आणि प्रत्येक टोकाला एक गोंडा. खुर्च्या अंगणात ओळीनं उभ्या होत्या. ओवाळायचं तेवढं बाकी होतं.

मी चिडले. खूप चिडले. व्हिडिओतल्या बाईचा, माझ्या शेडकार्डाचा, आधुनिक बैठकीचा असा सगळा उद्धार करून झाल्यावर मी दम घ्यायला थांबले. मामाजी शांतपणे म्हणाले, "उरलेल्या दोन तुया मनानं रंगव. पन मंग जोडी जमणार नाई." जोडी मोडायची माझी छाती झाली नाही. उरलेल्या दोघींनाही गोंडे लागले.

आता बैठका. गादीच्या दुकानात आम्ही तिघेही गेलो. दुकानदारानं फोमचा तुकडा मुठीत दाबला, सोडला, परत दाबला. "पाहा काका, कसा वर येते." मामाजींनी तुकडा नाकाशी नेला आणि परत दिला. "कपाशीच्या मुलखात राहून आपन प्लास्टिकवर बसाचं?" त्यांनी तिथूनच चुलतभावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी गावाहून येणाऱ्या काळीपिवळी जीपच्या टपावर बसून एक पोतं कापूस आला. आमच्या वावरातला, या हंगामातला, भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला. वावर ठोक्यानं दिल्यापासून त्यातला कापूस मामाजींनी हातात घेतला नव्हता. त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग लक्षात आलं की कापसात सरकी आहे. असणारच, प्रत्येक बोंडात असते. पण गादी पिंजणारा म्हणाला, मी रुई पिंजतो, सरकी काढणं माझं काम नाही. सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांच्या दारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, तिथे एका पोत्याला कोण विचारतो? तेव्हा मामाजींनी माझं पोळपाट घेतलं, कुठूनतरी एक लोखंडी सळई आणली, आणि पोळपाटावर कापूस ठेवून त्यावरून सळई लाटायला लागले. सळईखालून रुई पुढे जाते आणि सरकी मागे उडते. ती मागे कुठेही उडते. टीव्हीवर उडाली, देवघरात उडाली, नवऱ्याच्या वरणात उडाली. तो मुकाट्यानं जेवला. रोज संध्याकाळी मालिका लागली की आम्ही सासरे-सून समोरासमोर बसून सरकी काढायचो आणि मालिकेतल्या सासूला नावं ठेवायचो. त्या काळात आमच्या पोळ्या जरा धाग्याधाग्यांच्या होत. मला मात्र ते दिवस संपू नयेत असं वाटायचं, कारण तेवढे दिवस "उद्या जातो" हे वाक्य घरात ऐकू आलं नाही.

पाच खुर्च्यांपुरती रुई झाली आणि आमचा धीर संपला. सहावी खुर्ची मामाजींची. "माह्या खुर्चीत सरकीसकट भर," ते म्हणाले. "वावरात झोपडीत आमी जलमभर सरकीच्या कापसावर झोपलो. अंगाले थंड लागते." नवरा म्हणाला, टोचेल. मामाजी म्हणाले, तुले टोचन. विषय संपला. वरून मी सूर्यफुलांच्या छापाचं विरळ विणीचं कापड ताणलं, आणि नवऱ्यानं आपली नवी स्टेपलगन काढली. या सबंध उद्योगात त्याला एवढीच एक गोष्ट आवडली होती. तो जे दिसेल त्याला पिना मारत सुटला. मामाजी बैठक तपासायला वर बसले होते, उठले, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. धोतराचा सोगा तीन पिनांनी बैठकीला पक्का केला होता. "काहून बाप्पा, मले बांधून ठेवून राह्यला का तू?" मामाजींनी विचारलं. नवरा खाली बसून पिना उपटत होता. तो म्हणाला, "तेच तर करून राहिलो इतके दिवस." मला वाटतं, लग्नानंतर मी ऐकलेला त्याचा हा एकमेव विनोद. आम्ही तिघेही हसलो, पण मामाजींचं हसू आधी थांबलं.

खुर्च्या घरात आल्या आणि मामाजी पायरीवरून आत आले. उन्हाळा लागला होता. त्यांची खुर्ची कूलरसमोर. आमचा कूलर वारा कमी आणि पाणी जास्त फेकतो. त्याची गळती नवरा दर वर्षी पुढच्या रविवारी दुरुस्त करतो. मामाजी दुपारभर त्या तुषारात ताठ बसून पेपर वाचायचे, आणि पेपर ओला होऊन फाटला की उठायचे. मी मनात म्हटलं, जिंकले. अकोल्याला फोन करून दादालाही सांगितलं.

अक्षय तृतीयेला त्यांनी पुरणपोळी खाल्ली, पान खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभे राहिले. "वावराची नांगरटी झाली असंन. पाहून येतो." पाहून यायला माणूस एक धोतर नेतो. त्यांनी सगळी नेली. नवऱ्यानं त्यांना एसटीत बसवलं, घरी आला, आणि कूलरसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न पाहता कामावर निघून गेला. मला मामाजींचा संताप आला. एवढे गोंडे लावले, बेगड लावली, आणि चालले. काय आहे तिथे? एक रिकामा गोठा, निसरडा. रात्री फोनची रिंग वाजली की आम्ही दोघेही दचकायचो आणि एकमेकांना दाखवायचो नाही.

त्या खुर्चीवर कोणी बसेना, आणि हलवावीशीही कोणाला वाटेना. ती तिथेच कूलरच्या तुषारात भिजत राहिली. एक दिवस मी झाडताझाडता तिच्यावरून फडकं फिरवलं, तर सूर्यफुलांच्या छापात दोन पानं जास्त दिसली. मी शिक्षिका आहे, नीट पाहायची सवय आहे. ही पानं कापडावर नव्हती, कापडातून वर आली होती. शेजारी आणखी एक जोडी, पाठीपाशी आणखी दोन. बोटानं हलवली तर हलली. माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीच्या बैठकीत कपाशी उगवली होती.

आधी मी पोटभर हसले. मग उपटायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मी गावी फोन लावला. "मामाजी, तुमची खुर्ची उगवली."

पलीकडून आवाज आला, "किती पानं?"

"दोन दोन."

"ते पानं नाईत, सरकीतले दळं हायेत. खरं पान अजून याचं हाय. पाणी कोन देऊन राह्यलं?"

"कूलर."

"बंद कर त्याले. सडून जाईन." मग म्हणाले, "नाई, तू काही करू नोको. तुले जमणार नाई. मी येतो."

दुपारच्या एसटीनं ते हजर. पिशवी दारात टाकून सरळ खुर्चीपाशी उकिडवे बसले. पाहिलं, कापड चाचपलं, आणि आमच्याकडे अशा नजरेनं वळले की जणू लहान लेकरू आमच्या हवाली करून गेले होते आणि आम्ही त्याला उघडंबागडं ठेवलं. नवरा म्हणाला, कुंडीत लावू. मामाजी म्हणाले, कपाशीचं मूळ सरळ खाली जाते, उपटून लावत नसतात. शिवाय हे संकरित वाणाच्या कापसातलं बी. दुसऱ्यांदा कोणी पेरत नाही, आणि पेरलं तर झाड कसं निघेल, बोंड धरेल की नुसतंच वाढेल, काही सांगता येत नाही. "मीबी कधी लावून पाह्यलं नाई," ते म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते.

मूळ खाली जायचं तर बैठकीखालच्या फळीतून जायला हवं. मी ज्या कापडावर इतकी मेहनत केली, त्याच्याखाली नवऱ्यानं करवतीनं गोल भोक पाडलं. भोकाखाली तेलाचा रिकामा पिपा तारेनं बांधला. गावाहून काळीपिवळीच्या टपावर बसून या वेळी काळी माती आली. मामाजींनी विरळणी करून चांगलं तेवढं एकच रोप ठेवलं, आणि खुर्ची समोरच्या गॅलरीत उन्हाला नेली. सगळं झाल्यावर आम्ही तिघांनी लांबून पाहिलं. हाताची खुर्ची, बैठकीला भोक, खाली डबा. नंतरचा महिनाभर घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी गॅलरीकडे, मग मामाजींकडे पाहायचा आणि आवाज उतरवून मला विचारायचा, "फारच अशक्त झाले का हो? उठवत नाही का?" अकोल्याहून दादा संत्र्यांचा रस घेऊन भेटायला आला. खुर्चीत झाड पाहून त्यानं तो स्वतःच प्यायला.

मामाजी आता कूलरसमोर दुसऱ्या जोडीतल्या खुर्चीवर बसत होते, पण बसायला त्यांना फुरसत कुठे? सकाळी पानांवर माव्याची कीड पडली का पाहायचं, दुपारी सावली सरकली की खुर्ची सरकवायची, पाऊस जास्त झाला की पिप्याखालची भोकं मोकळी करायची. शेजारच्यांचं मांजर गॅलरीत आलं तर त्याला शिवीही शेतातली मिळायची. माझ्याशी भांडायला त्यांना नवा विषय मिळाला होता. मी भांडी विसळलेलं पाणी टाकलं म्हणून ते दिवसभर बोलले नाहीत, म्हणजे त्या विषयाखेरीज दुसरं काही बोलले नाहीत. झाड कमरेएवढं झालं. पात्या, म्हणजे कळ्या, आल्या, मग पिवळी फुलं आली. छापातल्या सूर्यफुलांना ती शोभून दिसत होती हे मी मान्य करते.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गावाहून चुलतसासऱ्यांचा, म्हणजे वावर कसणाऱ्या त्याच चुलतभावाचा, फोन आला. मामाजी फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू जातं. चुलतसासरे म्हणाले, पोळ्याले या, किती दिवस तिकडे राहाचं, तुमच्याशिवाय करमून नाई राह्यलं.

नवरा कामावर निघाला होता. चपलेत एक पाय घालून तो तसाच थांबला. मी कणकेच्या हातांनी दारात आले. आम्ही दोघंही गॅलरीकडे पाहत होतो.

मामाजी खुर्चीशेजारी उभे होते. पानांखाली हात घालून त्यांनी काहीतरी मोजल्यासारखं केलं. "कसा येऊ?" ते फोनमध्ये म्हणाले. "माहं पीक उभं हाय."

"तुमचं? तिथं? किती हाय?"

"एक खुर्ची."

पलीकडे चुलतसासरे मोठ्यानं हसले. मामाजी हसले नाहीत. "हासू नोको," ते म्हणाले. "बोंडं धरून राह्यले. आता कापूस फुटेपर्यंत मी काही घर सोडत नाई."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून आमच्या घराला ते तुमचं घर म्हणत होते. आज त्यांनी त्याला नुसतं घर म्हटलं होतं.